वाजवणारा बॉर्गे

पियानोवर बसून लोकांना हसवणाऱ्या विक्टर बॉर्गेला जाऊन डिसेंबर २०२५ मध्ये पंचवीस वर्षं झाली. त्या सुमारास माझ्या फोनवर ओळखीच्यांकडून त्याच्या चित्रफिती येत राहिल्या. स्टुलावरून घसरून पडणारा बॉर्गे, पुन्हा पडू नये म्हणून कमरेला पट्टा बांधून घेणारा बॉर्गे. सगळ्या अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या, आणि तो वाजवायला लागला रे लागला की संपणाऱ्या. मला याचा संताप येतो.

कारण हा माणूस आधी पियानोवादक होता. १९०९ साली कोपनहेगनच्या एका ज्यू घरात जन्मला, तेव्हा नाव होतं बोर्गे रोझेनबाउम. वडील रॉयल डॅनिश ऑर्केस्ट्रात वादक. पोर नऊ वर्षांचं असताना तिथल्या संगीत अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली, १९२६ मध्ये पहिली मोठी मैफल झाली. पुढे फ्रेडरिक लॅमंड आणि एगॉन पेट्री यांच्याकडे तो शिकला. लॅमंड थोर पियानोवादक लिस्टचे शिष्य, पेट्री तशाच नावाजलेल्या बुसोनींचे. आपल्याकडे गवयाचं घराणं विचारतात ना, तसं विचारलंत तर याहून खणखणीत उत्तर युरोपात क्वचितच मिळेल.

मग तो विनोदाकडे वळला आणि रंगमंचावरून हिटलरची टर उडवायला लागला. ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या, तेव्हा तो कार्यक्रमासाठी स्वीडनमध्ये होता, म्हणून वाचला. फिनलंडच्या पेट्सामो बंदरातून बोटीनं अमेरिका गाठली. इंग्रजी येत नव्हतं, ते थिएटरात सिनेमे बघून बघून शिकला. त्यानंतरचं गायक बिंग क्रॉस्बीबरोबरचं रेडिओपर्व, १९५३ ते ५६ या काळात ब्रॉडवेवर एकट्यानं केलेले ८४९ प्रयोग, कनेटिकटमधला कोंबड्यांचा फार्म, हे चरित्रकारांच्या कामाचं. मला त्यात फारसा रस नाही.

माझा बॉर्गे नव्वदच्या दशकातला. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत नवे होतो. पब्लिक टेलिव्हिजनवर वर्गणी गोळा करायचा मोसम आला की त्याचे कार्यक्रम लागत. ऐंशी ओलांडलेला, काळ्या सुटातला म्हातारा हळूहळू चालत पियानोपाशी यायचा. 'विल्यम टेल' या ऑपेराच्या संगीताची नोटेशनची पानं समोर मांडून वाजवायचा, तर भलतंच काहीतरी ऐकू यायचं. चेहऱ्यावर गोंधळ. मग लक्षात यायचं की कागद उलटा लागलाय. तो सरळ केला की ओळखीची ती घोडदौड सुरू. लोक हसून लोळायचे. मी मात्र त्याचे हात बघत बसायचो. सूर उलटे असले तरी ताल जागचा हलत नव्हता, एकही बोट अडखळत नव्हतं. अर्धवट शिकलेल्याचं हे काम नव्हे.

पियानो शिकवणाऱ्या एका परिचिताशी यावरून माझं कायमचं बिनसलं. 'याला धड वाजवता येत नाही, म्हणून हा चाळे करतो' असं ते म्हणत. एकदा बॉर्गेला प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आला. मधेच त्यानं सगळी थट्टा बाजूला ठेवून देब्युसीचं 'क्लेअर द ल्यून' धरलं. डावा हात इतका हलका की सूर कुठून उठतोय तेच कळेना. सभागृह हसायच्या तयारीत बसलेलं, आणि हसायला जागाच नाही. त्या परिचितांना तिथे ओढून आणायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

नव्वदीतही तो वर्षाला साठेक कार्यक्रम करत होता. १९९९ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. डेन्मार्कमध्ये कार्यक्रम करून तो कनेटिकटमधल्या ग्रिनिचच्या घरी परतला आणि तिथेच २३ डिसेंबर २००० ला झोपेत गेला. आता कोपनहेगनमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे.

पण त्याच्या गंभीर वादनाची ध्वनिमुद्रणं फारशी नाहीत. जे काही उरलं आहे, ते बहुतांशी त्याच्या कार्यक्रमांच्या पोटात आहे, दोन विनोदांच्या मधे. चित्रफिती कापणारे नेमकं तेच कापून टाकतात. आठवा सेकंद ओलांडला की लोक पुढे सरकतात, असं एका तरुणानं मला समजावून सांगितलं. सरकू देत. ज्यांना थांबायचं आहे त्यांच्यासाठी तरी ते चार मिनिटांचं देब्युसी अख्खं ठेवा.