बोलत नाही, की आपल्या भाषेत बोलत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात कोलाम समाजाच्या वस्त्या आहेत. या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. कापूस वेचणीच्या दिवसांत अशाच एका पोडावरच्या अंगणवाडीत आम्ही गेलो होतो. साडेतीन वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात गप्प बसून होती. “चार महिने झाले जी, पोरगी बोलतच नाही. डोक्यानं कमी दिसते,” बाईंनी काळजीने सांगितले.

दुपारी तीच मुलगी आम्हाला तिच्या अंगणात दिसली. आजीशी तिचे कडाक्याचे भांडण चालले होते, आणि तेही लांबलचक वाक्यांत! अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी आम्हाला अर्थ सांगितला. शेळीचे पिल्लू कोणी सोडायचे, यावरून वाद होता. भांडण कोलामी भाषेत होते.

मग ही मुलगी ‘न बोलणारी’ कशी? या प्रश्नाच्या उत्तरासाठी मूल भाषा कशी शिकते ते पाहू.

आधी कान, मग जीभ

भाषेचे शिक्षण पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होते. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर एक प्रयोग केला. विशिष्ट लयीत चोखणी चोखली की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज ऐकू येईल अशी आपली चोखण्याची लय बदलली! म्हणजे आवाजाची ओळख पोटात असतानाच सुरू झालेली असते.

आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक सहज कळतो. इंग्रजी भाषकांना हा त-टचा फरक ऐकूच येत नाही, असे पुष्कळदा होते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले, की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतला त-ट हा फरक कळतो, पण दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतल्या बाळांना मात्र तो वर्षाच्या सुमारासही कळत होता. बाळाचा कान आरंभी सर्व भाषांना उघडा असतो. घरात जे फरक कामाचे, ते तो घट्ट धरतो. बाकीचे मागे पडतात. पुढे ते शिकता येतात, पण कष्टाने.

आणखी एक अडचण पाहा. बोलताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. मग शब्द कुठे संपला हे बाळाला कसे कळते? १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग मालिका फक्त दोन मिनिटे ऐकवली. कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागून नेहमी येते, याचा हिशोब बाळांनी तेवढ्यात बांधला होता.

हा हिशोब पुढे व्याकरणातही दिसतो. अडीच-तीन वर्षांचे मराठी मूल ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणते. घरात तसे कोणीच बोलत नसले तरी! म्हणजे मूल नुसती नक्कल करीत नाही, नियम शोधते आणि तो वापरून पाहते. ती ‘चूक’ ही त्याच्या बुद्धीची खूण आहे.

‘घर’ आणि ‘एल्ला’

कोलामी ही तेलुगूसारखी द्राविडी कुळातली भाषा. २०११च्या जनगणनेत सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. घराला कोलामीत ‘एल्ला’ म्हणतात. ख, घ, ध, भ असे महाप्राण ध्वनी या भाषेत मूळचे नाहीत. मराठीतून घेतलेल्या शब्दांबरोबर ते येतात. उलट ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ हे तिथे वेगळे ध्वनी आहेत. तो फरक आपल्या मराठी कानाला चटकन कळत नाही. मराठीत लिंगे तीन. कोलामीत पुरुष एका गटात. स्त्रिया, जनावरे आणि वस्तू दुसऱ्या गटात. तेव्हा त्या घरातले मूल ‘खुर्ची मोठा’ म्हणाले, तर त्याचे डोके चालत नाही असे नव्हे. ते एक पक्का नियम घेऊन दुसऱ्या भाषेत शिरत असते.

असे मूल नव्या भाषेत आधी काही काळ नुसते ऐकते. तो काळ काही आठवड्यांचा असेल, काही महिन्यांचाही. त्या काळात ‘मंद’ हा शेरा बसला, तर पुढे शाळेत मूल बोलते झाले तरी शेरा सहजासहजी पुसला जात नाही.

हे फक्त कोलाम मुलांचेच नाही. वऱ्हाडी घरातले मूल ‘डोया’ म्हणते, पुस्तकात ‘डोळा’ असतो. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणते. ‘चूक’ म्हणून त्याला गप्प करण्यापेक्षा ‘घरी डोया, पुस्तकात डोळा’ असे दोन्ही फळ्यावर लिहून पाहा.

खरी काळजी केव्हा?

आता दुसरी बाजू. ‘भाषा वेगळी आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून ऐकू न येणारे मूल मागे राहता कामा नये. ऐकू न येणारे बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड मात्र त्याच्याकडून वेळेवर येत नाही. म्हणून घरच्या भाषेत पुढील गोष्टी विचारा:

- वर्षाचे होईपर्यंत बाळ बडबडत होते का? बोट दाखवणे, टाटा करणे अशा खुणा करीत होते का?
- सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द आला का?
- दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडले का?
- कान वाहतो का? येत असलेले शब्द मूल विसरू लागले आहे का?

पहिल्या तीनपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ किंवा चौथ्यातल्या कशाचेही ‘हो’ असेल, तर वाट पाहू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. त्यांना हे मूल दाखवावे आणि कानाची तपासणी करून घ्यावी.

घरची भाषा सोडू नका

‘घरीही मराठीच बोला’ असा सल्ला पालकांना पुष्कळदा दिला जातो. तो देऊ नये. भाषा माणसाकडून येते. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या व्यक्तीकडून ऐकणारी बाळे ते ध्वनी ओळखू लागली. तेच पडद्यावरून ऐकणारी नाहीत. आजीची ओघवती कोलामी बंद करून तिच्या जागी मोजकी, अडखळती मराठी आणली, तर मुलाचे दोन्हीकडून नुकसान होते. शिक्षण हक्क कायद्यानेही (२००९) शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे.

करून पाहा

तुमच्या वर्गातल्या सर्वांत गप्प मुलाच्या घरी एकदा संध्याकाळी जा. अर्धा तास नुसते ऐका. ते कोणाशी, कोणत्या भाषेत, किती लांब वाक्ये बोलते याची नोंद करा. ती भाषा येणारी मदतनीस किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी सोबत न्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाषेतला एक शब्द वर्गात सर्वांना शिकवायला त्यालाच सांगा. नोंदवहीत शेरा लिहायचा तो त्यानंतर.