संदर्भांची मोजणी आणि विंचवाचा उतारा

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने अत्यवस्थ झाले आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी शासन चौकशी नेमते आणि विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरने जे पाहिले, म्हणजे कोणते लक्षण आधी दिसले आणि कोणता उपचार लागू पडला, ते शास्त्राच्या दप्तरी नोंदले जावे यासाठी काय करावे, आणि अशा नोंदीचे मोल कोणत्या मापाने ठरवावे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. त्याचे उत्तर शोधताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कार्याकडे वळणे उचित ठरेल.

जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात वाढलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले बावस्कर १९७६ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण तेथे येत. अंग घामाने भिजलेले, हातपाय थंडगार, पुढे फुप्फुसात पाणी भरून गुदमरणे आणि मृत्यू, असा तो क्रम असे. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. बावस्करांनी रुग्णाजवळ रात्रंदिवस बसून लक्षणांचा क्रम टिपला. १९८२ मध्ये या पूर्वलक्षणांवरील त्यांचा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचित होतात व हृदयावर असह्य भार पडतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी रक्तदाबावरील ‘प्रॅझोसिन’ ही साधी गोळी योजिली आणि १९८६ मध्ये तिचे निष्कर्षही ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. वेळीच गोळी मिळालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले.

आता या कार्याला आजच्या विद्याजगताचे माप लावून पाहावे. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञान संदर्भसूची सिद्ध केली. कोणता निबंध कोणी आधारास घेतला हे शोधणे सुलभ व्हावे, हा तिचा मूळ हेतू. पुढे त्याच सूचीतून नियतकालिकांचा प्रभावांक निघाला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी व्यक्तीचाही निर्देशांक सुचविला. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा आधार घेतला गेला, त्याचा अंक २०. ग्रंथपालाची सोय अशा रीतीने संशोधकाची पत ठरविणारी तुला बनली.

या तुलेत एक मूलभूत दोष आहे. अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद करतात. भुकेल्याला अन्नाची गरज असते, पण खिशात पैसा नसेल तर बाजारात त्याची मागणी नोंदली जात नाही. संदर्भांच्या बाजाराचीही तीच रीत आहे. हृदयविकार वा कर्करोग यांवर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात. साहजिकच तेथील निबंधाला उद्धृत करणारेही हजारो. विंचूदंश हा मोजक्या उष्ण देशांतील गरिबांचा आजार. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून उद्धृत करणारेही थोडे. शिवाय या निबंधाने वाचलेला शेतमजूर कधीही तळटीप लिहीत नाही. त्याचे जगणे हा कोणत्याही सूचीत न येणारा संदर्भ होय.

म्हणून प्रसिद्धीच निरर्थक, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. बावस्करांनी आपला अनुभव आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतच ठेवला असता, तर तो बिरवाडीच्या वेशीबाहेर गेला नसता. छापल्यामुळेच तो तपासता आला, दुरुस्त करता आला. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनीच ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत केवळ प्रॅझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर जोडीला विंचूविषाची प्रतिलस मिळालेल्या ३५ पैकी ३२. स्वतःच्याच उपचारात सुधारणा सुचविणारा हा निबंध म्हणजे शास्त्रीय वृत्तीचा वस्तुपाठ होय.

याउलट, निव्वळ संख्येच्या हव्यासाने काय घडते हे प्राध्यापकवर्गाला सांगावयास नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने निबंधांना गुण बहाल केले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. एखादे माप हेच उद्दिष्ट झाले की ते माप म्हणून निरुपयोगी होते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडलेल्या विचाराचे सार हेच.

यवतमाळसारख्या जिल्ह्याला याचा बोध स्पष्ट आहे. फवारणीची विषबाधा, सर्पदंश, विंचूदंश हे आजार येथील शिवारात घडतात. त्यांचा अभ्यास दूरच्या प्रयोगशाळेपेक्षा येथील आरोग्य केंद्रातच अधिक चांगला होऊ शकेल. त्यासाठी तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला नोंदीसाठी वेळ, ग्रंथालयाची सोय आणि मार्गदर्शक हवा. पदोन्नती देणाऱ्यांनीही त्याचा निबंध मोजण्याआधी वाचावा. किती जणांनी उद्धृत केले हे जरूर विचारावे, पण त्याआधी किती जण वाचले, हे विचारले पाहिजे.