अनेक निवेदक, एकच भाषा

पौराणिक कथेवर कादंबरी लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण अशी असते की पुढे काय होणार हे वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते, आणि म्हणून कथेची ओढ ‘ती कोण सांगतो’ यातूनच निर्माण करावी लागते. कथा सांगणाऱ्याला समीक्षेत निवेदक म्हणतात. तो कथेबाहेर राहून सर्वांची मने जाणत असेल तर सर्वज्ञ, आणि कथेतलेच पात्र होऊन ‘मी’ म्हणून बोलत असेल तर प्रथमपुरुषी. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांकडे निवेदन सोपवले, तर शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’च्या (१९६७) नऊ खंडांपैकी चार कर्णाला आणि उरलेले कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व श्रीकृष्ण यांना दिले.

या रचनेतून वाचकाला मिळणारा आनंद खरा आहे. कर्णाचे जन्मरहस्य महाभारत जाणणाऱ्या कोणालाही माहीत असले, तरी ते कुंतीच्याच तोंडून ऐकल्यावर कर्णाने सूतपुत्र म्हणून गिळलेला प्रत्येक अपमान अधिक बोचतो. पात्राला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक असण्यातून येणाऱ्या या ताणाला नाट्यात्म उपरोध म्हणतात. देवयानीलाही केवळ गर्विष्ठ आणि मत्सरी ठरवून मोकळे होणे वाचकाला जमत नाही, कारण तिची बाजू तिनेच मांडलेली असते.

चोखंदळ वाचक अडखळतो तो भाषेपाशी. सारथ्याच्या घरात वाढलेला शोण, राजमाता कुंती आणि श्रीकृष्ण हे तिघेही त्याच संस्कृतप्रचुर, उपमांनी लगडलेल्या शैलीत बोलत असतील, तर खंडाच्या माथ्यावरचे नाव झाकल्यावर निवेदक ओळखणे अवघड होते, आणि मग दृष्टी बदलल्याचे समाधान अर्ध्यावरच राहते. ‘ययाति’तही तिघांच्या मागे खांडेकरांचे चिंतन आणि त्यांची सुभाषितवजा वाक्ये सतत जाणवतात. वाचकांनी या दोन्ही कादंबऱ्यांवर उदंड प्रेम केले आणि ते सार्थच आहे, परंतु म्हणून ही उणीव दुर्लक्षिण्याजोगी ठरत नाही.

याच्या कितीतरी आधी हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध करताना तिची निवेदिका यमुना हिला घरगुती, बायकी बोलीची लकब दिली होती, आणि पुरुष लेखक मागे सरून एक स्त्री बोलते आहे हा विश्वास त्या बोलीनेच निर्माण केला. वामन मल्हार जोशी यांनी ‘इंदु काळे व सरला भोळे’मध्ये (१९३४) पत्रांचा आधार घेतला; पत्र कोणीतरी कोणालातरी लिहितो, त्यामुळे पात्र का आणि कोणापुढे बोलते हा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. पौराणिक कादंबऱ्यांतील दीर्घ आत्मकथने तो बहुधा अनुत्तरित ठेवतात.

‘मृत्युंजय’मध्ये मात्र एका ठिकाणी निवेदक बदलणे अटळच होते. कर्णाला स्वतःचा अंत सांगता येणार नाही, म्हणून अखेरचा खंड श्रीकृष्णाकडे जातो, आणि ज्याच्या सांगण्यावरून अर्जुनाने बाण सोडला त्याच्याच तोंडून कर्णाचे मोठेपण ऐकताना वाचकाला भाषेतला सारखेपणा फारसा खुपत नाही.