‘कडी धरायला चल ना!’

‘तुम्ही मुली वॉशरूमला ग्रुपने का जाता?’ कॉलेज कट्ट्यावरचा हा ऑलटाइम हिट प्रश्न. पोरं हसतात, आपणही हसतो आणि ‘चल ना गं’ म्हणत मैत्रिणीला ओढून नेतो. पण खरं कारण ऐकायचंय? आतली कडी तुटलेली असते, म्हणून एकीने बाहेरून दार धरायचं. बॅग अडकवायला हुक नसतो आणि फरशी ओली, म्हणून दुसरीने बॅग सांभाळायची. बल्ब गेला असेल तर तिसरीच्या मोबाइलचा टॉर्च! गॉसिपचा नंबर त्यानंतर.

ही सोबत आजची नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या चाळीत राहिलेल्या आजीला विचारा. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून संडास, तोही गॅलरीच्या टोकाला नाहीतर मागच्या बाजूला. सकाळी बादली घेऊन रांग, रात्री जायचं तर शेजारणीला हाक. ‘संडास’ हा शब्दही चारचौघांत नको. म्हणायचं ‘परसाकडे’, म्हणजे घरामागे, नजरेआड. पुढे चाळींच्या जागी टॉवर आले आणि परसातला संडास थेट बेडरूमला ‘अटॅच्ड’ झाला. पण घराबाहेर पडलं की आपण पुन्हा आजीच्याच जमान्यात!

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, जेमतेम 34 किलोमीटर. आज लोकल कल्याणच्याही पुढे कसारा-कर्जतपर्यंत जाते. कसाऱ्याहून सीएसएमटीला पोहोचायला दोन तासांहून जास्त लागतात आणि लोकलच्या डब्यात टॉयलेट नसतं. मग आपण काय करतो? पाणीच कमी पितो. भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते. कमी पाणी पिणं आणि लघवी रोखून धरणं, दोन्हींमुळे युरिन इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आणि ती रांग? ‘मुलींना वेळच फार लागतो’ हे अर्धंच उत्तर. स्त्री-पुरुषांना सारखी जागा दिली, तरी पुरुषांच्या बाजूला कमी जागेत जास्त युरिनल बसतात. आपल्या बाजूला प्रत्येकीला दार असलेली वेगळी खोलीच लागते. त्यात ओढणी, बॅग, पाळीचे दिवस. म्हणजे नकाशावर समान, रांगेत असमान.

यावर लढाही झालाय. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा अन्याय घेऊन मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ती पुरवण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली.

पण प्रत्येक कडीसाठी कोर्टात जायची गरज नाही. या आठवड्यात आपल्या कॉलेजचं टॉयलेट नीट बघा. कडी, हुक, दिवा, पाणी, झाकणाचा डस्टबिन: पाचच गोष्टी. जे नाही त्याची यादी करा, सह्या घ्या आणि प्राचार्यांना द्या. पोरांनो, सही तुमचीही हवी!

कडी लागली तरी आम्ही ग्रुपनेच जाऊ म्हणा. पण मग ते खरंच गॉसिपसाठी असेल.