काळ्या डोळ्याची फुले

मे महिना लागला की ब्रिटनमधल्या अलॉटमेंटवर लगबग सुरू होते. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. तो पुरवण्याची जबाबदारी 1908 च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर टाकली. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. एका घराच्या भाजीला पुष्कळ झाले!

दुपारी ऊन छान पडते, पण निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते आणि पहाटे दव गोठते. सकाळी स्ट्रॉबेरीचे फूल जवळून पाहावे. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला पिवळा गोंडा मात्र काळाठिक्कर. त्यातले स्त्रीकेसर मेलेले असतात. त्या फुलाला फळ धरत नाही. म्हणून संध्याकाळी वाफ्यावर पातळ कापड पसरतात आणि सकाळी मधमाश्यांसाठी आठवणीने काढतात.

बटाट्याचे कोंब वीतभर झाले की बुंध्याला मातीची भर देतात. उघडा पडलेला बटाटा उजेडाने हिरवा होतो. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, निरुपद्रवी. पण त्याच उजेडात सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढते.

टोमॅटोची रोपे मात्र अजून काचघरातच. आठ-दहा दिवस ती दिवसा बाहेर, रात्री आत अशी ठेवतात. वाऱ्या-उन्हाने पाने जाड झाली की मगच लावणी.