ऑर्नँच्या रस्त्यावरचं जर्मन नाव

उत्तर फ्रान्समध्ये ऑर्नँ आणि वांदिन्यी या दोन गावांच्या मध्ये शेतांमधून जाणारा ३.७ किलोमीटरचा दगडी रस्ता आहे. एरवी त्यावरून ट्रॅक्टर जातात. वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या रविवारी, पॅरिस-रुबे शर्यतीचे सायकलस्वार त्यावरून जातात. शर्यतीत असे दगडी टप्पे जवळपास तीस असतात आणि त्यांतल्या सर्वांत लांब टप्प्यांमध्ये हा मोडतो. २०२० मध्ये त्याला जॉन डेगेनकोल्ब या जर्मन सायकलपटूचं नाव देण्यात आलं.

या भागात एखाद्या रस्त्यावर जर्मन नाव झळकणं ही साधी गोष्ट नाही. पॅरिस-रुबेला ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात, आणि ते नाव दगडांमुळे पडलेलं नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, शर्यत पुन्हा घेता येईल का हे बघायला आयोजक आणि पत्रकार या भागात फिरले. गावं जमीनदोस्त झालेली, झाडांचे नुसते जळके बुंधे उरलेले, सगळीकडे खंदक आणि चिखल. तेव्हा ‘नरक’ हा शब्द छापून आला आणि कायमचा चिकटला. युद्ध जर्मन सैन्याशी झालं होतं. शंभर वर्षांनी त्याच मातीतल्या लोकांनी आपला एक रस्ता एका जर्मन माणसाच्या नावे केला. असं का झालं, हे समजायला डेगेनकोल्बची सगळी कारकीर्द बघावी लागते.

त्याचा जन्म ७ जानेवारी १९८९ चा, पूर्व जर्मनीतल्या गेरा शहरातला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. पुढे कुटुंब बव्हेरियात गेलं आणि मुलगा सायकलिंगला लागला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगला २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. सोनं मायकेल मॅथ्यूजने नेलं, हे नाव लक्षात असू द्या. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक झाला आणि २०१२ च्या स्पेनच्या व्हुएल्टात त्याने तब्बल पाच टप्पे जिंकले.

त्या काळात जर्मनीत व्यावसायिक सायकलिंगचं नाव काढणंही अवघड झालं होतं. १९९७ मध्ये यान उलरिशने टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. नंतर एकेक करून उत्तेजकांची प्रकरणं बाहेर आली. एरिक झाबेलसारख्या लाडक्या खेळाडूनेही कबुली दिली. लोकांचं मन इतकं विटलं, की २०११ नंतर सार्वजनिक वाहिन्यांनी टूरचं थेट प्रक्षेपणच बंद केलं. डेगेनकोल्ब, मार्सेल किटेल आणि टोनी मार्टिन ही पिढी अशा रिकाम्या घरात वाढली. स्वच्छ खेळाबद्दल ही मुलं उघडपणे बोलत राहिली. मला वाटतं, हे काम त्यांच्या विजयांहून कमी मोलाचं नाही. २०१५ मध्ये एआरडी वाहिनी टूरकडे परतली, आणि ते वर्ष डेगेनकोल्बचं ठरलं.

मार्चमध्ये त्याने इटलीतली मिलान-सान रेमो शर्यत जिंकली. मॅथ्यूज तिसरा आला. तीन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, पॅरिस-रुबे होती.

इथे त्या दगडांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ही शहरातल्या चौकातली गुळगुळीत फरसबंदी नव्हे. वीतभर रुंदीचे घडीव दगड मातीत रोवलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटी बोटभर रुंद असतात. रस्ता मधोमध कासवाच्या पाठीसारखा फुगलेला, दोन्ही कडांना गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. ऊन असेल तर धुळीने समोरचा दिसत नाही, पाऊस असेल तर दगड साबणासारखे निसटतात. हँडल घट्ट आवळलं तर प्रत्येक दणका खांद्यापर्यंत जातो, म्हणून ते सैल धरायचं, पण हात सुटू द्यायचा नाही. टायरमध्ये हवा कमी ठेवतात. हलक्या अंगाचे, घाट चढण्यात पटाईत असलेले स्वार इथे चेंडूसारखे उडतात. सुमारे ८० किलो वजनाचा डेगेनकोल्ब मात्र रस्त्याला चिकटून राहतो. सहा तास असे दणके खाऊनही शेवटी पायांत स्प्रिंट शिल्लक असणं फार थोड्यांना जमतं. त्याला ते जमायचं.

आदल्या वर्षी निकी टेर्प्स्ट्रा एकटा पुढे निसटला होता आणि मागच्या घोळक्याची स्प्रिंट मारून डेगेनकोल्ब दुसरा आला होता. त्यातून तो शिकला. २०१५ मध्ये शेवटचे दहा-बारा किलोमीटर उरले असताना ग्रेग व्हॅन आवरमाट आणि ईव्ह लाम्पार्ट पुढे गेले. डेगेनकोल्ब कुणाची वाट न बघता घोळक्यातून सुटला आणि त्यांना जाऊन मिळाला. स्प्रिंटर सहसा असं करत नाही. तो दुसऱ्यांच्या आडोशाला राहतो, ताकद शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखतो. पण आडोशाला राहिलं तर पुन्हा दुसरेपणच नशिबी येईल, हे त्याने ओळखलं होतं. मागून आणखी काही जण येऊन मिळाले आणि शर्यत जिथे संपते त्या रुबेच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानात, सात जण एकत्र शिरले. तिथे त्याला कुणी गाठू शकलं नाही.

याआधी ही शर्यत जिंकणारा जर्मन होता योझेफ फिशर, १८९६ च्या पहिल्याच शर्यतीत. मध्ये ११९ वर्षं गेली. सान रेमो आणि रुबे एकाच वर्षी जिंकणारेही तोवर दोनच होते, १९०८ मध्ये सिरिल व्हॅन हाउवार्ट आणि १९८६ मध्ये शॉन केली. विजेत्याला बक्षीस म्हणून याच रस्त्यांवरचा एक दगड देतात. व्हेलोड्रोमच्या जुन्या न्हाणीघरात विजेत्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत. तिथे त्याचीही पाटी लागली.

मग २३ जानेवारी २०१६ उजाडला. स्पेनमध्ये काल्पेच्या परिसरात संघाचा सराव चालू होता. चुकीच्या बाजूने आलेली मोटार समोरून सहा जणांवर आदळली. सगळे वाचले. डेगेनकोल्बच्या डाव्या हाताची तर्जनी जवळजवळ तुटली होती. एक बोट, असं कुणी म्हणेल. पण सायकलच्या ब्रेकचा लिव्हर याच बोटाने ओढतात, आणि दगडांवर हँडल सैल पण सावध धरण्याची जी कला वर सांगितली, ती बोटांतच असते. शस्त्रक्रियेने बोट वाचलं, पण ज्या शर्यतीचा तो गतविजेता होता, तिच्या सुरुवातीच्या रेषेवर त्या एप्रिलात तो नव्हता.

पुढची दोन वर्षं त्याच्याबद्दल ‘पूर्वी जिंकायचा’ असं बोललं जाऊ लागलं. १५ जुलै २०१८ ला टूर द फ्रान्सचा नववा टप्पा अरासहून रुबेला आला, १५ दगडी टप्पे ओलांडत. शेवटी पुन्हा तेच तिघं उरले, डेगेनकोल्ब, लाम्पार्ट आणि एकूण आघाडीची पिवळी जर्सी घातलेला व्हॅन आवरमाट. डेगेनकोल्ब जिंकला, आणि टूरमधला हा त्याचा पहिलाच टप्पाविजय होता. मुलाखतीत त्याला हुंदका आवरेना. आदल्या हिवाळ्यात गेलेला, वडिलांच्या जागी असलेला एक मित्र होता, त्याला त्याने हा विजय वाहिला.

आता त्या रस्त्याकडे येऊ. पॅरिस-रुबेची कनिष्ठ गटाची शर्यत पैशांअभावी बंद पडायच्या बेतात आली होती. हे कळल्यावर डेगेनकोल्बने लोकवर्गणी सुरू केली आणि स्वतःही पैसे घातले. वर्गणी जमली, शर्यत वाचली. ‘लेज आमी द पारी-रुबे’ नावाची स्वयंसेवकांची संस्था हे दगड जपते, निखळलेले पुन्हा बसवते. तिच्याशी त्याचं नातं आधीपासूनच होतं. ऑर्नँच्या रस्त्याला नाव मिळालं ते या सगळ्यापायी. नुसत्या जिंकण्यावर नाव द्यायचं म्हटलं असतं, तर तो रस्ता त्याच्याहून जास्त वेळा जिंकलेल्या कुणाचा तरी झाला असता.

९ एप्रिल २०२३ ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो पुन्हा आघाडीच्या गटात होता. आपल्या नावाच्या रस्त्यावरून जाऊन तो कारफूर द लार्ब्र या शेवटच्या खडतर टप्प्यावर पोचला. तिथे मॅथ्यू व्हॅन डर पूल आणि यास्पर फिलिप्सन यांच्याजवळ रस्त्याच्या कडेला जागा आवळली गेली, खांदे घासले आणि डेगेनकोल्ब पडला. उठला, पुन्हा सायकलवर बसला, सातवा आला. व्हेलोड्रोमच्या हिरवळीवर तो बराच वेळ पडून होता. पुढच्या एप्रिलात, शर्यत जिथून सुटते त्या काँपियेन्यला, सुरुवातीच्या रेषेवर तो पुन्हा उभा होता.