बर्सा : हाडांवरच्या वंगणपिशव्या

बर्सा म्हणजे शरीरातली एक छोटी, चपटी, अगदी पातळ पडद्याची पिशवी. हाडाच्या उंचवट्यावरून कातडी, स्नायू किंवा स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा जिथे सरकते, तिथे ही पिशवी मध्ये असते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडे. लॅटिनमध्ये तो थैलीसाठी वापरला जाऊ लागला. माणसाच्या शरीरात अशा सुमारे दीडशे पिशव्या असतात. एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो (दुसरे) यांनी १७८८ साली केवळ या पिशव्यांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

निरोगी बर्सा भरलेल्या फुग्यासारखा नसतो. त्याच्या दोन भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात आणि मध्ये बुळबुळीत द्रवाचा पातळ थर असतो. हा द्रव भिंतीचे आतले अस्तरच तयार करते. त्याचे काम समजायला प्लॅस्टिकची छोटी पिशवी घ्यावी, आत तेलाचे दोन थेंब सोडावेत, तोंड बांधावे आणि ती दोन्ही तळव्यांत धरून हात चोळावेत. तळवे पिशवीला घट्ट धरून राहतात. सरकतात त्या पिशवीच्या आतल्या भिंती. बर्सातही असेच होते. वरची बाजू कातडीबरोबर किंवा कंडरेबरोबर हलते, खालची हाडाला धरून राहते आणि घर्षण आत जिरते. सांध्यांतल्या श्लेष्म्याची तुलना सुश्रुतसंहितेने गाडीच्या आसाला लावलेल्या वंगणाशी केली आहे. बर्सात तेच तत्त्व सांध्याबाहेर दिसते. शरीररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निरोगी बर्सा शोधावा लागतो, इतका तो चपटा असतो.

जागेनुसार बर्साचे तीन मुख्य प्रकार पडतात. कातडीखालचे बर्सा कोपराच्या टोकावर आणि गुडघ्याच्या वाटीसमोर असतात. कंडरेखालचे बर्सा टाचेमागे आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला सापडतात. स्नायूखालचे बर्सा खुबा व खांदा अशा जागी असतात. खांद्याच्या छपरासारख्या हाडाखालचा बर्सा शरीरातल्या सर्वांत मोठ्या बर्सांपैकी एक आहे. हात डोक्यावर नेताना खांद्याच्या कंडरा त्याच्याच आधाराने सरकतात. काही बर्सा थेट सांध्याशी जोडलेले असतात. गुडघ्यात पाणी झाले की वाटीच्या वरचा भाग फुगतो, तो यामुळेच.

बर्सा आणि माणसाचे काम यांचे नाते जुने आहे. बैठकीच्या हाडांवरच्या बर्साला सूज आली, तर तिला इंग्रजी वैद्यकात विणकराच्या बैठकीचे नाव आहे. या नावामागचे कारण सोलापूरच्या हातमागावर सहज दिसते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात हा धंदा रुजवला. खड्डामागावर विणकर काठाशी बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात आणि हाताने धोटा फेकला जातो. उभे असताना बैठकीचे हाड नितंबाच्या जाड स्नायूखाली झाकलेले असते. बसले की हा स्नायू बाजूला सरकतो आणि हाडाखाली उरते ती फक्त कातडी, थोडी चरबी आणि बर्सा. त्यात पावडी दाबताना शरीराचा भार आळीपाळीने एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातो. तासन्‌तास हे चालले की बर्सावर दाबही येतो आणि घासही. यंत्रमाग आले तसा कामगार बसण्याऐवजी उभा राहून मागांमध्ये फेऱ्या मारू लागला. भार बैठकीवरून गुडघ्यांवर आणि टाचांवर गेला.

याच पूर्व भागात हजारो स्त्रिया विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि जर्दा, हातात कात्री आणि दोरा, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. मांडी घालून जमिनीवर बसले की घोट्याचे बाहेरचे हाड फरशीवर दाबले जाते. तिथली कातडी काळवंडते, जाड होते आणि घट्टा पडतो. या घट्ट्याखाली कधी कधी नवा बर्सा तयार होतो. युरोपात मांडी घालून शिवणाऱ्या शिंप्यांच्या घोट्यावर हेच दिसे. मांडी घालायला मदत करणारा, शरीरातला सर्वांत लांब स्नायूही लॅटिनमध्ये शिंप्याच्याच नावाने ओळखला जातो. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, थोडे खाली, त्याची कंडरा आणखी दोन कंडरांबरोबर हंसाच्या पावलासारखी पसरून हाडाला चिकटते. तिच्याखाली एक बर्सा असतो. जिना चढताना तिथे दुखण्याची तक्रार मध्यमवयीन, वजन जास्त असलेल्या आणि गुडघा झिजलेल्या स्त्रियांत अधिक आढळते.

असे नवे बर्सा तयार करणे ही शरीराची मोठी क्षमता आहे. कोपराच्या टोकावरचा बर्साही जन्मतः नसतो. तो बालपणात, वापरातून घडतो. बाजार समितीत कांद्याची पोती वाहणाऱ्या हमालाच्या मानेखाली किंवा खांद्यावर रोज एकाच जागी ओझे टेकते, तिथेही कालांतराने अशी गादी उभी राहू शकते.

दाब सहनशक्तीपलीकडे गेला की अस्तराला सूज येते आणि द्रव भराभर पाझरू लागतो. एरवी न दिसणारी पिशवी कोपरावर लिंबाएवढी फुगते. मार लागणे, संधिवात आणि युरिक आम्लाचे खडे हीही कारणे असतात. खरी काळजी घ्यावी लागते ती जंतुसंसर्गाची. कातडीजवळच्या कोपरा-गुडघ्याच्या बर्सात खरचटलेल्या जागेतून जंतू शिरतात. जागा लाल आणि गरम होते, ताप येतो. अशी गाठ चोळणे किंवा घरी फोडणे धोक्याचे आहे. डॉक्टर सुईने द्रव काढून तपासतात. पू आहे की खडे, हे त्यावरून ठरते आणि संसर्ग असल्यास प्रतिजैविके दिली जातात.

संसर्ग नसेल तर विश्रांती, बर्फाचा शेक आणि सूज कमी करणारी औषधे बहुतेकांना पुरतात. काहींना स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे लागते. पण कामाची बैठक तीच राहिली तर दुखणे परत येते. म्हणून बुडाखाली चादरीची जाड घडी घेणे, घोट्याखाली फडके ठेवणे, पायांची ठेवण मधूनमधून बदलणे आणि ठरावीक वेळाने उठून चालणे हा उपचाराचाच भाग आहे. क्वचित शस्त्रक्रियेने बर्सा काढून टाकावा लागतो. तरीही त्या जागी पुढे बहुधा नवा बर्सा तयार होतो, कारण हाडावरून कातडीचे सरकणे थांबलेले नसते.